सर्व्हरचा कोठावळा

बँकेंतील शिल्लक पाहणें, आगगाडीचें तिकीट काढणें, परदेशीं असलेल्या मुलाचें पत्र क्षणांत हातीं पडणें, या गोष्टी शहरांतील घराघरांत आतां इतक्या अंगवळणीं पडल्या आहेत कीं, त्यांच्या मागें कोठें तरी एक यंत्र अहोरात्र जागें असतें याची आठवणहि कोणास होत नाहीं. या यंत्रास सर्व्हर म्हणतात. तें बहुधा एखाद्या थंड ठेवलेल्या दालनांत, लोखंडी फळ्यांवर, आपल्यासारख्याच शेंकडों यंत्रांच्या ओळींत बसविलेलें असतें. त्यास पडदा नसतो, कळफलक नसतो. त्याची देखभाल करणारा मनुष्य पुष्कळदां शेंकडों मैल दूर बसलेला असतो, आणि यंत्राशीं बोलण्याचें त्याच्याजवळ एकच साधन असतें: काळ्या पडद्यावरील एक ओळ. तिच्यांत तो आज्ञा लिहितो आणि यंत्र अक्षरांनींच उत्तर देतें. चित्रें नाहींत, बटणें नाहींत. इंग्रजींत हिला कमांड लाइन म्हणतात. मराठींत आज्ञेची ओळ म्हणण्यास हरकत नाहीं.

या ओळींतून होणाऱ्या कामांपैकीं एक काम दिसावयास अगदीं क्षुल्लक आहे. यंत्रावर नवी आज्ञावली बसविणें, नको असलेली काढून टाकणें, आणि दोष दुरुस्त झालेली आवृत्ति जुनीच्या जागीं आणणें, एवढेंच तें काम. दोनतीन शब्द लिहावयाचे आणि पडद्यावर धांवणाऱ्या ओळी पाहत बसावयाचें. परंतु या दोनतीन शब्दांवर विश्वासाचा केवढा डोलारा उभा आहे, हें २०२४ सालच्या मार्च महिन्यांत साऱ्या जगास दिसून आलें. त्या प्रकरणाकडे वळण्यापूर्वीं ही व्यवस्था चालते कशी तें पाहणें अवश्य आहे.

लिनक्स ही कार्यप्रणाली लिनस टोरवाल्ड्स यांनीं हेलसिंकी येथें विद्यार्थी असतांना १९९१ सालीं प्रसिद्ध केली. आज जगांतील सर्व्हरांचा फार मोठा भाग तिच्यावर चालतो. आरंभीच्या वर्षांत तिच्यासाठीं एखादी आज्ञावली हवी असली म्हणजे तिचा मूळ मजकूर मिळवावा, आपल्याच यंत्रावर त्याचें यंत्रास समजेल अशा रूपांत भाषांतर करावें, आणि तयार झालेल्या फायली आपल्या हातांनीं जागच्या जागीं ठेवाव्या, असा प्रघात होता. भाषांतर मध्येंच अडलें म्हणजे समजावें कीं, या आज्ञावलीस दुसरी एक हवी आहे. दुसरी आणावयास जावें तों तिला तिसरी हवी. आणि पुढें कधीं ती काढून टाकावयाची झाली, तर तिच्या कोणत्या फायली कोठें ठेविल्या होत्या याची नोंद ठेवणाऱ्याच्या स्मरणापलीकडे कोठेंहि नसे.

१६ ऑगस्ट १९९३ या दिवशीं अमेरिकेंतील पर्ड्यू विद्यापीठाचा एक विद्यार्थी, इयान मर्डॉक, यानें लिनक्सची एक नीट लावलेली, सर्वांच्या सहकार्यानें सांभाळली जाणारी संहति काढण्याचा मनोदय जाहीर केला. तिचें नांव डेबियन. (पुढें पत्नी झालेल्या डेब्रा या मैत्रिणीचें व स्वतःचें अशीं दोन नांवें जोडून त्यानें तें केलें, शास्त्रीय उद्योगाच्या नांवांत इतका घरगुतीपणा क्वचितच आढळतो.) पुढील वर्षीं त्या संहतीसाठीं डीपीकेजी नांवाची आज्ञावली तयार झाली व इयान जॅक्सन यानें ती बव्हंशीं नव्यानें लिहून काढली. मार्च १९९९ मध्यें डेबियनच्या २.१ या आवृत्तीबरोबर ॲप्ट आलें. आज जो मनुष्य डेबियनचा सर्व्हर सांभाळतो त्याचा सारा व्यवहार या दोहोंशीं असतो.

जुन्या वाड्यांत कोठीवर एक कोठावळा असे. कोणता जिन्नस किती आहे, केव्हां आला, कोणत्या फळीवर आहे, हें त्याच्या वहींत असावयाचें. बाजारांतून आणवावयाचें तें त्याच्याच मार्फत आणवावयाचें. डीपीकेजी आणि ॲप्ट मिळून सर्व्हरचा हा कोठावळा होतो. डीपीकेजी आलेला माल फोडून फळ्यांवर लावतें व वहींत मांडतें. ॲप्ट बाजारहाट करतें. हा माल ज्या पुडक्यांतून येतो त्यास पॅकेज म्हणतात. पॅकेजाचे मुख्य भाग दोन. एकांत प्रत्यक्ष फायली, व दुसऱ्यांत माहिती: नांव, आवृत्तीचा अंक, सांभाळणाऱ्याचें नांव, आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे या पॅकेजास आणखी कोणकोणतीं पॅकेजें लागतात त्यांची यादी. कोठें कोणती फाईल गेली, कोणतें पॅकेज कोणत्या स्थितींत आहे, हें सर्व यंत्रावरच एका खतावणींत राहतें. आणि कोणत्या दिवशीं, किती वाजतां काय आलें व काय गेलें याची रोजकीर्दहि वेगळी ठेविली जाते. ज्यानें ही रोजकीर्द एकदां चाळली आहे, त्यास दुसऱ्याच्या हातचा सर्व्हर ताब्यांत घेतांना मागील माणसाची शिस्त पांच मिनिटांत कळून येते.

एका पॅकेजास दुसरें लागणें, या गोष्टीस अवलंबन म्हणावें. दिवाळीच्या फराळाचें उदाहरण घेतलें तर तें चटकन् ध्यानांत येईल. चकलीस भाजणी लागते. भाजणीस तांदूळ व डाळी लागतात. करंजीस तूप लागतें, तसें शंकरपाळ्यांसहि लागतें. यंदा करंज्या नकोत असें ठरलें, म्हणून कोणी गृहिणी तुपाचा डबा बाहेर ठेवीत नाहीं. कोठावळ्यानेंहि तेंच पाहावयाचें असतें. मालकानें नांव घेऊन मागविलेलीं पॅकेजें कोणतीं, आणि केवळ दुसऱ्याच्या गरजेपोटीं आलेलीं कोणतीं, अशी खूण तो करून ठेवितो. 'ॲप्ट ऑटोरिमूव्ह' ही आज्ञा दिली म्हणजे ज्यांची आतां कोणासच गरज उरली नाहीं अशीं दुसऱ्या जातीचीं पॅकेजें निघून जातात. सोयीची आज्ञा खरी; पण गरजेपोटीं आलेल्या एखाद्या पॅकेजाचा मालकानें पुढें स्वतःच उपयोग करण्यास आरंभ केला असेल, तर तें कोठावळ्यास कसें कळावें?

आज्ञांच्या नांवांनींहि नवशिक्याची फसगत होते. 'ॲप्ट अपडेट' म्हटलें कीं यंत्र अद्ययावत् झालें, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः त्या आज्ञेनें एकाहि आज्ञावलींत बदल होत नाहीं. वाण्याकडून मालाची ताजी यादी मागवावी, तसें भांडारांतील ताजी यादी तेवढी येते. माल बदलतो तो 'ॲप्ट अपग्रेड' या दुसऱ्या आज्ञेनें. 'रिमूव्ह' म्हटलें म्हणजे आज्ञावली जाते, पण मालकानें तिच्यासाठीं लिहिलेल्या सूचना मागें राहतात. त्याहि घालवावयाच्या तर 'पर्ज' म्हणावें लागतें. हा भेद मुद्दाम ठेविलेला आहे. आज्ञावली दहा मिनिटांत परत आणतां येते. तीन वर्षांत सुधारीत नेलेल्या सूचनांची फाईल परत आणतां येत नाहीं. याच धोरणानें, नव्या आवृत्तीबरोबर सूचनांची नवी फाईल आली आणि जुनी फाईल मालकानें हातानें बदललेली आढळली, तर कोठावळा थांबून विचारतो, आणि उत्तरादाखल नुसती कळ दाबली तर मालकाची फाईल तशीच ठेवितो.

प्रत्येक मोठ्या फेरबदलापूर्वीं ॲप्ट आपला बेत पडद्यावर मांडतें: इतकीं नवीं येतील, इतकीं बदलतील, इतकीं जातील, पुढें चालावें काय? या प्रश्नापाशीं खरी परीक्षा असते. नोव्हेंबर २०२१ मध्यें कॅनडांतील लिनस सेबॅस्टियन या प्रसिद्ध चलच्चित्रकारानें डेबियनच्याच वंशांतील पॉप ओएस या संहतीवर खेळांसाठीं स्टीम हें पॅकेज बसवावयास घेतलें. चित्रमय दुकानानें नकार दिला, म्हणून तो आज्ञेच्या ओळीकडे वळला. त्या दिवसांत त्या पॅकेजाच्या अवलंबनांत दोष शिरला होता, आणि स्टीम आणण्यासाठीं पडद्याचें सारें दृश्य रूप उभें करणारीं पॅकेजें काढावीं लागतील असा हिशेब ॲप्टनें केला. तो त्यानें लपविला नाहीं. काय जाणार याची यादी दिली, अत्यावश्यक वस्तु जात आहेत असा इशारा दिला, आणि 'होय, मी सांगतों तसें कर' या अर्थाचें संपूर्ण इंग्रजी वाक्य लिहिल्याशिवाय पुढें जाण्याचें नाकारलें. सेबॅस्टियननें तें वाक्य लिहिलें, आणि त्याचा दृश्य पडदा नाहींसा झाला. लक्षावधि लोकांनीं हें पाहिलें. हंसणाऱ्यांनीं हंसून घेतलें; ॲप्टच्या कर्त्यांनीं मात्र त्यानंतर लवकरच असा बदल केला कीं, अत्यावश्यक पॅकेजें काढण्याचा तोडगा ॲप्टनें आपण होऊन सुचवूंच नये. दोष दोन्हीं बाजूंस थोडाथोडा होता हें त्यांनीं ओळखलें, यांत त्यांचा शहाणपणा आहे. ज्याच्यासमोर दिवसांतून दहा यादी येतात तो अकरावी वाचीत नाहीं. जाणता देखभाल करणारा म्हणूनच 'सिम्युलेट' हा शब्द जोडून प्रथम लटका प्रयोग करून पाहतो; त्यांत कांहींहि बदलत नाहीं, केवळ काय बदललें असतें तें कळतें.

आणखी एक गोष्ट पडद्यावरून कळत नाहीं. ७ एप्रिल २०१४ रोजीं ओपनएसएसएल या गुप्तलेखनाच्या पॅकेजांतील 'हार्टब्लीड' हा दोष जाहीर झाला. दूरचा कोणीहि मनुष्य सर्व्हरच्या स्मृतींतील ६४ किलोबाइटपर्यंतचा तुकडा, न विचारतां, पुनःपुन्हां वाचूं शकत असे. त्यांत परवलीचे शब्द असत, कधीं गुप्त किल्ल्याहि असत. डेबियननें दुरुस्त पॅकेज त्याच दिवशीं दिलें. परंतु नवी फाईल फळीवर आली तरी जी आज्ञावली अगोदरपासून चालूं आहे ती जुन्याच फाईलीची प्रत स्मृतींत धरून बसते. फळीवरून नाहींशी झालेली वस्तु तिच्या मुठींत तशीच असते. ती आज्ञावली बंद करून पुन्हां सुरू करीपर्यंत दुरुस्ती केवळ वहीपुरती. खतावणी पाहावी तर सर्व ठीक, आणि दार मात्र उघडें! कोणत्या आज्ञावल्या अशा जुन्या फायली धरून बसल्या आहेत हें सांगणारें 'नीडरीस्टार्ट' नांवाचें पॅकेज डेबियनमध्यें आहे, आणि तें ज्या सर्व्हरवर नाहीं त्याच्या देखभालीविषयीं थोडी शंका घेण्यास जागा आहे.

हें सर्व झालें कोठीच्या आंतील व्यवस्थेचें. पुडकें बाहेरून येतें तेव्हां तें खरोखर डेबियनचेंच, हें कशावरून? वाटेंत कोणी बदललें नसेल कशावरून? शाळेंत गुणाकार बरोबर आला कीं नाहीं हें पाहण्यासाठीं नवाचा ताळा पाहत असत. येथेंहि ताळाच असतो, पण फार कडक. पुडक्यांतील एक अक्षर बदललें तरी ताळा निराळा येतो. भांडारांतील पॅकेजांचे ताळे याद्यांत असतात, त्या याद्यांचे ताळे एका मुख्य फाईलींत असतात, आणि त्या मुख्य फाईलीवर भांडाराची गुप्तलेखनाची सही असते. सही पटली तर यादी पटली, यादी पटली तर पुडकें पटलें. एप्रिल २००७ मधील डेबियन ४.० पासून ॲप्ट ही तपासणी आपण होऊन करतें. एखाद्या अनोळखी जागेवरून मजकूर आणून तो न वाचतांच यंत्राच्या हवालीं करणारी एकओळी आज्ञा हल्लीं जागोजागीं सुचविलेली आढळते. ती वापरणारा मनुष्य ही सारी साखळी एका फटक्यांत बाजूस सारतो, हें त्याच्या क्वचितच लक्षांत येतें.

आणि सहीच्या मागें तरी कोण आहे? माणसेंच. डेबियनमध्यें पॅकेजें सांभाळणारे लोक जगभर विखुरलेले असून बहुतेक स्वेच्छेनें काम करतात. जून २०२३ मधील बाराव्या आवृत्तींत अशीं ६४,००० हून अधिक पॅकेजें होतीं. नव्या माणसास घेतांना त्याची किल्ली खरोखर त्याचीच आहे अशी ग्वाही जुन्या सभासदांनीं द्यावी लागते, आणि ती देण्यासाठीं समक्ष भेटून ओळखपत्र पाहण्याची चाल आहे. यांचीं वार्षिक संमेलनें भरतात. २०२३ सालचें केरळांत कोची येथें भरलें होतें. ज्या विद्येंत सारा व्यवहार तारेवरून चालतो, तिच्या मुळाशीं दोन माणसांनीं समोरासमोर उभें राहून एकमेकांचें पारपत्र पाहणें असावें, हें मोठें कौतुकाचें आहे.

तथापि ओळखीचा माणूसहि चुकतो. सप्टेंबर २००६ मध्यें डेबियनच्या ओपनएसएसएल पॅकेजांतून एक ओळ गाळली गेली. व्हॅलग्रिंड नांवाचें तपासणीचें साधन त्या ओळीविषयीं तक्रार करीत असे. तक्रार बंद व्हावी एवढाच हेतु होता. पण किल्ली घडवितांना लागणारी यदृच्छा त्या ओळींतूनच येत होती. ती गेल्यावर एका प्रकारच्या किल्लीचे सुमारे ३२ हजारच नमुने शिल्लक उरले, आणि एवढे तर कोणासहि बसून करून पाहतां येतात. लुसियानो बेल्लो यास हें उमगलें व १३ मे २००८ रोजीं तें जाहीर झालें. दरम्यान घडविलेली प्रत्येक किल्ली टाकून द्यावी लागली. नवें पॅकेज आणून भागण्यासारखें तें काम नव्हतें.

आतां २०२४ चें प्रकरण. एक्सझेड ही फायली आंवळून लहान करणारी एक साधी आज्ञावली. ती लासे कॉलिन नांवाचे एक गृहस्थ बहुतांशीं एकटेच, आणि विनामूल्य, सांभाळीत होते. २०२१ पासून जिया टॅन असें नांव लावणारी एक व्यक्ति त्यांस दुरुस्त्या पाठवूं लागली. २०२२ मध्यें कांहीं अपरिचित नांवांनीं कॉलिन यांच्यामागें तगादा लागला कीं, काम फार मंद चाललें आहे, दुसऱ्या कोणास अधिकार द्या. कॉलिन यांनीं आपली प्रकृति ठीक नसल्याचें सांगितलें होतें. हळूहळू टॅनकडे अधिकार आले. फेब्रुवारी २०२४ मध्यें ५.६.० व मार्चमध्यें ५.६.१ अशा आवृत्त्या निघाल्या, आणि त्यांच्या वितरणाच्या गठ्ठ्यांत, तपासणीच्या फायलींच्या आड, एक चोरदार दडविलेलें होतें.

हें चोरदार होतें तें एक्सझेडसाठीं नव्हे. सर्व्हरची देखभाल करणारा ज्या आज्ञावलीच्या द्वारें दुरून आंत शिरतो ती एसएसएच, तिच्यावर खरा डोळा होता. एसएसएचला एक्सझेडची मुळींच गरज नाहीं. पण डेबियन व इतर कांहीं संहतींत एसएसएचनें आपण सुरू झाल्याची वर्दी सिस्टिमडी या व्यवस्थापकास द्यावी म्हणून एक जोड दिली होती. त्या जोडीस सिस्टिमडीचें ग्रंथालय लागे, आणि त्या ग्रंथालयास एक्सझेडचें. तूप कोणत्या पदार्थांत जातें याचा पत्ता काढून विष तुपांत घालावें, तसा हा प्रकार. ज्याच्याजवळ विशिष्ट गुप्त किल्ली आहे, त्यास अशा यंत्रावर हवी ती आज्ञा चालवितां आली असती. सही खरी होती, ताळा बरोबर होता, कोठावळ्यानें आपलें काम चोख केलें होतें. माल ज्यानें बनविला तोच खोटा होता. त्यास कोणीं समोरासमोर पाहिल्याचें पुढें आलेलें नाहीं, आणि तो कोण हें आजवर उघड झालेलें नाहीं.

आंद्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेस या माहितीसंग्रहाच्या कर्त्यांपैकीं एक. मार्चमध्यें ते डेबियनच्या 'सिड' या अस्थिर शाखेवर वेगाचीं मापें घेत होते. (डेबियनच्या आवृत्त्यांस 'टॉय स्टोरी' या चित्रपटांतील पात्रांचीं नांवें देण्याची रीत आहे, सिड म्हणजे त्यांतला खेळणीं मोडणारा द्वाड मुलगा.) एसएसएचनें आंत शिरण्यास सुमारें तीन दशांश सेकंदाऐवजीं आठ दशांश सेकंद लागत आहेत, असें त्यांस दिसलें. अर्धा सेकंद! दुसऱ्या कोणीं तो जाऊं दिला असता. फ्रॉइंड यांस मात्र कांहीं आठवड्यांपूर्वीं पॅकेजें बदलल्यावर व्हॅलग्रिंडनें केलेली एक चमत्कारिक तक्रार आठवली. २००६ सालीं याच साधनाची तक्रार मिटविण्याच्या नादांत किल्ल्या दुबळ्या झाल्या होत्या. या खेपेस तक्रारीचा माग शेवटपर्यंत काढला गेला, आणि २९ मार्च २०२४ रोजीं, गुड फ्रायडेच्या दिवशीं, त्यांनीं सर्व हकीकत जाहीर केली.

विषारी आवृत्ति डेबियनच्या अस्थिर व चांचणीच्या शाखांत पोंचली होती. सर्व्हरांवर वापरली जाते त्या स्थिर शाखेंत ती गेलेली नव्हती. स्थिर शाखेंत आज्ञावल्यांच्या नव्या आवृत्त्या घेत नाहींत, जुन्यांतील दोष तेवढे दुरुस्त करतात. या मंदपणाबद्दल डेबियनची थट्टा पुष्कळ वर्षें होत आली आहे. हार्टब्लीडच्या वेळीं जो 'अपग्रेड' म्हणण्यास विलंब करी तो धोक्यांत होता, आणि एक्सझेडच्या वेळीं जो नवेपणाच्या मागें धांवला तो. स्थिर शाखेवर बसून नियमानें 'अपग्रेड' म्हणणारा मनुष्य दोन्हीं वेळीं त्यांतल्या त्यांत बरा राहिला.

आतां ज्यांच्या यंत्रांवर विषारी पॅकेज आलें होतें, त्यांस जुनी आवृत्ति परत द्यावयाची होती. पण कोठावळा मोठ्या अंकाकडेच चढतो, ५.६.१ नंतर त्यास ५.४.५ दाखविली तर तो हातहि लावणार नाहीं. तेव्हां सांभाळणाऱ्यांनीं जुनाच माल '५.६.१+रिअली५.४.५-१' अशा अंकानें भांडारांत ठेविला. 'रिअली' म्हणजे 'वस्तुतः'. वहीच्या हिशेबानें हा अंक ५.६.१ हून मोठा ठरतो, आणि वाचणाऱ्यास आंत काय आहे तेंहि कळतें. जगभरच्या चांचणी-यंत्रांवर लोकांनीं आपल्या नेहमींच्याच आज्ञा दिल्या, 'ॲप्ट अपडेट' व 'ॲप्ट अपग्रेड', आणि तें पुडकें येऊन फळीवर बसलें. एसएसएच बंद करून पुन्हां सुरू करण्याचें काम तेवढें उरलें होतें.